क्रॉस-स्टिच शिबिराला जाताना

पुण्याहून पाचगणीच्या दोन दिवसांच्या क्रॉस-स्टिच (फुलीच्या टाक्यांचे भरतकाम) शिबिराला निघताना कापड घरीच कापून न्यावे. १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ फुल्या बसणाऱ्या, आयडा कापडावर (या भरतकामाचे चौकडी विणीचे कापड) १४० फुल्यांची नक्षी १० इंच रुंद होते. चौकटीसाठी दोन्ही बाजूंना ३ इंच सोडल्यास १६ इंच कापड लागते. सहापदरी लडीतील दोनच पदर सुईत ओवावेत आणि फुलीचा वरचा टाका सर्वत्र एकाच दिशेला झुकवावा, अन्यथा दोऱ्याची चमक तुटक दिसते. वाईतील मैत्रिणींकडे मात्र परतीच्या वाटेवरच उतरावे, कारण जाताना थांबल्यास गप्पांत दुपार सरते आणि पहिले सत्र बुडते (माझे एकदा बुडाले आहे). पसरणी घाटाच्या वळणांवर सुई डबीतच ठेवावी. मैत्रिणींसाठी भेट म्हणून कोपऱ्यात नावाचे आद्याक्षर भरलेला रुमाल पुरतो.