पर्ल हार्बरवर वाद घालताय? या चुका टाळा

वादविवाद स्पर्धेसाठी पोरं दादरला माझ्याकडे येतात, विषय 'रूझवेल्टला आधीच माहीत होतं का' (म्हणजे 7 डिसेंबर 1941 ला जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर केलेला हल्ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना आधीच ठाऊक होता का) असला की रील बघून तयारी करून आलेला एक तरी असतोच आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, विमानवाहू जहाजं वाचवायला मुद्दाम बंदराबाहेर काढली होती!"

हसू नका, कॉलेजात असताना मीपण हेच टेबलावर हात आपटून बोललो होतो, टाळ्यासुद्धा पडल्या. परीक्षकांत नेव्हीतून रिटायर झालेले एक आजोबा होते, ते शांतपणे म्हणाले, "बरं, मग गेली कुठे होती ती?" माझी दातखीळ बसली. त्यातलं एंटरप्राइज जहाज वेक बेटावर फायटर विमानं पोचवून परत येत होतं आणि 6 डिसेंबरलाच बंदरात लागायचं होतं, खराब हवामानामुळे लेट झालं. दुसरं, लेक्सिंग्टन, मिडवे बेटाकडे विमानं घेऊन निघालेलं, तिसरं, साराटोगा, अमेरिकेच्या किनाऱ्यावर सॅन डिएगोला. म्हणजे हवा बरी असती तर एंटरप्राइज हल्ल्याच्या वेळी बंदरातच सापडलं असतं! बोरिवलीपर्यंत ट्रेनमध्ये तोंड लपवून उभा होतो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी, "कोड फोडला होता ना!" अरे कुठला? अमेरिकेने 1940 मध्ये फोडला तो पर्पल, जपानी वकिलातींचा गुप्त कोड. हल्ला कुठे करायचा हे जपानी नेव्ही वकिलातीला कळवत नव्हती, आणि नेव्हीचा कोड तेव्हा जेमतेम वाचता येत होता. हां, 24 सप्टेंबर 1941 ला टोकियोने हवाईतल्या होनोलुलूच्या आपल्या वकिलातीला बंदराचे भाग पाडून कुठे कुठलं जहाज उभंय ते कळवायला सांगितलं, तो निरोप अमेरिकेच्या हाती लागला, वॉशिंग्टनमध्ये त्याचं भाषांतर ऑक्टोबरात झालं आणि हवाईतल्या ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल किमेल यांना कोणी सांगितलंच नाही. भांडायचं तर यावर भांडा, पण याला हलगर्जीपणा म्हणतात, कट नाही. मी प्रत्येक निरोपापुढे पेन्सिलने लिहितो, कोणाच्या हातात, किती वाजता. कंटाळवाणं आहे, पण शॉर्टकट नाही.

"रडारवर दिसलं होतं": जपानी विमानं दिसली, पण अमेरिकन त्यांना कॅलिफोर्नियाहून येणारी आपलीच बी-17 बॉम्बर विमानं समजले.

"चौकशी दाबली": 1946 पर्यंत चौकशांवर चौकशा झाल्या, काँग्रेसचीसुद्धा (म्हणजे अमेरिकेच्या संसदेची).

आणि सगळं ठरवून केलं म्हणणाऱ्याला अमेरिकन आर्मीचे प्रमुख मार्शल यांच्या तारेबद्दल विचारा. त्या सकाळी आर्मीचा रेडिओ हवाईला लागेना म्हणून इशारा साध्या कमर्शियल तारेने गेला, तो घेऊन निघालेला पोऱ्या मोटरसायकलवरून हेडक्वार्टरला पोचला तेव्हा हल्ला आटपलेला होता.