जुनी एमजीबी घ्यावी का सेकंडहँड स्विफ्ट स्पोर्ट? कंपेअर करायचं तर असं करा

इंग्लंडात राहणाऱ्या गाडीवेड्या माणसाला हा किडा एकदा तरी चावतोच, की एवढ्याच पैशात जुनी एमजीबी (ब्रिटिश क्लासिक स्पोर्ट्स कार) घ्यावी का चांगली सेकंडहँड हॅचबॅक, आणि मग तो आकडे मांडत बसतो. आकडे बघा ना, दोन मिनिटांत उरकतं. एमजीबी 1962 ते 1980 मधली, 1798 सीसी, 95 हॉर्सपॉवरच्या आसपास, शून्य ते साठ मैलाला साधारण बारा सेकंद. 2018 ची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट 1.4 टर्बो, 140 हॉर्सपॉवर, आठ सेकंद. गंमत म्हणजे सुरुवातीच्या एमजीबीची आणि स्विफ्टची लांबी जवळपास सेम, 3.89 मीटर, आणि वजनही उन्नीस-बीसच, त्यामुळे "जुनी गाडी हलकी असते" हे इथे चालत नाही. रुंदीला मात्र एमजीबी चांगली वीतभर कमी आहे आणि इंग्लंडच्या डेव्हन भागातल्या झुडपांमधल्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की ती वीत फार कामाला येते.

खरी टेस्ट अशी करा. एकाच दिवशी, एकाच वळणावळणाच्या रस्त्यावर दोन्ही चालवा, आधी एमजीबी. पहिली पंधरा मिनिटं मत बनवू नका, कारण पॉवर स्टिअरिंग नाही, सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना ब्रेकला सर्वो (ब्रेक दाबायला मदत करणारी यंत्रणा) नाही, पाय जोरात दाबावा लागतो आणि 1967 च्या आधीची असेल तर गाडी थांबल्याशिवाय फर्स्ट गिअर नीट पडतही नाही. मग बघा मजा किती स्पीडला सुरू होते. एमजीबी ताशी पंचेचाळीस मैलांनाच जिवंत वाटते, स्विफ्ट त्या स्पीडला जांभया देते आणि ती जागी होईपर्यंत लिमिट मागे पडलेली असते. माझ्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा, बाकीचे त्याच्यानंतर.

मोटरवेवर उलटं. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नसेल तर सत्तर मैलांना इंजिन चार हजार आरपीएमच्या आसपास ओरडत असतं, शेजारच्याशी बोलणं बंद, म्हणून ओव्हरड्राइव्हवालीच बघा. रोजचं ऑफिस, पोरांच्या सीट, एअरबॅग हे हवं असेल तर पुढे वाचूच नका, स्विफ्ट घ्या.

एमजीबी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा, दाराखालच्या सिलवर (पत्र्याच्या लांब पट्टीवर) लावा, चिकटला नाही तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे. मागच्या बॅटरी बॉक्समध्येही वाकून बघा, तिथे गंज लपतो. इंजिनची काळजी त्यामानाने कमी, पार्ट्स आजही सहज मिळतात.

खर्चात चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य, लंडनच्या यूलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचे) पैसे नाहीत, एमओटी म्हणजे दरवर्षीची गाडीची तपासणीही बहुतेक वेळा माफ (तरी करून घ्याच). पेट्रोल ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) नको, ई5 (पाच टक्क्यांपर्यंत) भरा. इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूचा (गाडीची किंमत आधीच ठरवलेला) घ्या आणि रोज कामावर न्यायला परवानगी आहे का ते आधीच विचारा, बऱ्याच क्लासिक पॉलिसीत ती नसते.