ब्रेक कडक आणि स्टिअरिंग जड: मास्टर सिलिंडर खोलण्याआधी

पेडल कडक आणि स्टिअरिंग जड, दोन्ही एकदम सुरू झालं असेल तर मास्टर सिलिंडरला (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) हात लावू नका. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आयता मिळत नाही, म्हणून काही डिझेल ट्रकमध्ये ब्रेकचा बूस्टरही (पायाचा जोर वाढवणारा भाग) पॉवर स्टिअरिंगच्या पंपावरच चालतो. (एअर ब्रेकच्या गाड्यांचं गणित वेगळं.) पंपाचं तेल आधी बूस्टरला जातं, तिथून स्टिअरिंग बॉक्सला. म्हणून दोन्ही बिघडले की आधी तेलाची पातळी, बेल्ट, मग पंप. फक्त स्टिअरिंग जड असेल तर बॉक्स, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा), जॉइंट बघा. पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल, तरच मास्टर सिलिंडरवर संशय घ्या.

बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, साठलेला दाब संपवा. मग पेडल हलकं दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जाऊन पायाला उलट ढकललं, तर बूस्टर काम करतोय.

नवशिके फसतात ते तेलात अडकलेल्या हवेमुळे. नवा पंप बसवला, तेल भरलं, लगेच इंजिन चालू केलं की पंप घुरघुरतो, तेल फेसाळून दुधाळ होतं, आणि चांगला पंप खराब ठरवून परत काढला जातो. पुढची चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा सावकाश फिरवा, मधेमधे तेल भरत राहा. मगच इंजिन चालू करा. पेडल दाबत पुन्हा फिरवा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो. फेस दिसला तर तासभर थांबा. ‘चालवली की हवा आपोआप निघते’ म्हणणाऱ्या उस्तादाचं ऐकू नका. हा एक तास वाया जात नाही.

स्टिअरिंग वळवताना ब्रेक आपोआप लागत असतील तर तेलाची परतीची नळी दबलेली किंवा तुंबलेली असू शकते. बूस्टर बदलायची घाई नको.

ब्रेक ऑइल आणि स्टिअरिंग ऑइल एकमेकांत थेंबभरही मिसळू नका. स्टिअरिंगचं तेल ब्रेकमध्ये गेलं की रबरी सील फुगतात आणि तेल ज्या ज्या भागात पोचलं तिथले सगळे बदलावे लागतात. इथे कसलाच जुगाड चालत नाही.

बूस्टरवरच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणारी डबी) दाबाखालचा गॅस असतो. पेडल दाबून साठा संपवल्याशिवाय नळी ढिली करू नका. डबी तापवू नका, ठोकू नका. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही.