फक्त अकाउंट्सवाल्यांनाच दिसेल असं ॲप: ॲप-व्ही आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी

ॲप-व्ही म्हणजे ॲप प्रत्येक मशीनवर नेहमीसारखं इन्स्टॉल न करता सर्व्हरवरून पोचवायची मायक्रोसॉफ्टची सोय. माझा नियम एकच: पॅकेजचा (म्हणजे ॲप-व्हीसाठी बांधलेल्या ॲपचा) हक्क माणसाला नाही, ग्रुपला द्यायचा. माणसं बदलतात, बदल्या होतात.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (नेटवर्कवरच्या युजर आणि कॉम्प्युटरांच्या मध्यवर्ती नोंदीत) अकाउंट्सवाल्यांचा सिक्युरिटी ग्रुप करा. सीक्वेन्सरमधून (पॅकेज बनवणाऱ्या टूलमधून) निघालेलं पॅकेज शेअर्ड फोल्डरवर ठेवून ग्रुपला वाचण्याची परवानगी द्या. ॲप-व्हीच्या मॅनेजमेंट कन्सोलमध्ये ते ॲड करा, ग्रुपला ॲक्सेस द्या, मग पब्लिश. क्लायंटना (युजरच्या मशीनना) पब्लिशिंग सर्व्हरचा, म्हणजे कुणाला कोणती ॲप्स हे सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकदम सेटिंग पाठवायच्या सोयीतून) कळवा.

ग्रुपमध्ये नवीन कुणाला टाकलं की "साहेब, आयकॉन दिसत नाही" हा फोन ठरलेलाच. त्यांना लॉग-ऑफ करून परत लॉगिन करायला सांगा. ग्रुपची सभासदी लॉगिनच्या वेळीच टोकनमध्ये (विंडोज युजरला देतं त्या ओळखपत्रात) येते. ग्रुप कॉम्प्युटरांचा असेल तर रीस्टार्ट हवा, आणि शेअरवर कॉम्प्युटर अकाउंटनाही वाचण्याची परवानगी हवी. हे दुसरं हमखास विसरलं जातं.