लोकसंख्येचा धडा शिकवताना या चुका टाळा

11 जुलै, जागतिक लोकसंख्या दिन जवळ आला की निबंधाचा विषय ठरलेला: लोकसंख्येचा भस्मासूर. मीही काही वर्षं तोच दिला. वह्या तपासताना लक्षात आलं, निम्म्या वर्गाने एकाच गाईडमधून भस्मासूर उतरवलाय.

त्याहून मोठी चूक मी वर्गात केली. ‘कोणाला किती भावंडं?’ असं एकेकाला विचारत गेलो. एक मुलगी ‘पाच’ इतकं हळू म्हणाली की मला ऐकू आलं नाही, पण मागच्या बाकांना आलं. खसखस पिकली. दुसऱ्या दिवशी ती शाळेला आलीच नाही. हा प्रश्न वर्गात विचारूच नका. मोजायला जनगणना आहे.

तिथेही अर्धेच आकडे देऊ नका. 1951 साली 36 कोटी, 2011 साली 121 कोटी, एवढंच फळ्यावर लिहिलं तर पोरं घाबरतात आणि विसरतात. शेजारी वाढीचा दर मांडा: 1961-71 मध्ये 24.8 टक्के, 2001-11 मध्ये 17.7. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईमागे सरासरी मुलं देशात 2.0, महाराष्ट्रात 1.7.

मग कुणीतरी विचारतंच, “सर, तरी माणसं वाढतात कशी?” इथे घाई नको. फळ्यावर एक घराणं काढा. आजी-आजोबा दोघं. त्यांची चार मुलं. त्या चौघांची लग्नं झाली, प्रत्येकाला दोनच मुलं. म्हणजे नातवंडं आठ. सुनाजावई धरून मधली पिढीही आठच. आता पुसायची वेळ आली की आजी-आजोबा दोनच पुसले जातात, आणि खाली आठ आलेले असतात. एवढं पाहिलं की दोन मुलांच्या घरांतूनही संख्या काही काळ का वाढते, ते वेगळं सांगावं लागत नाही.

‘सगळीकडे गर्दी’ हेही खरं नाही. 2001 ते 2011 दरम्यान रत्नागिरी-सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटली, ठाण्याची फुगली. कोकणातल्या मुलांना बंद घरं दिसतातच.

पर्यावरणाशी सांधा जुळवताना नुसती डोकी मोजू नका, वापर मोजा. पाणीयोजनांचा हिशेबच बघा: शहरात माणशी रोज 135 लिटर, खेड्यात जलजीवन मिशनचे 55. मुलांना घरचं एक दिवसाचं पाणी बादल्यांनी मोजायला सांगा. यात घोळ हमखास होतो, कारण वीस लिटरची म्हणून घेतलेली बादली काठोकाठ कोणी भरत नाही. आधी लिटरच्या बाटलीने पाणी ओतून बादलीला आतून खडूच्या नव्हे, ऑइलपेंटच्या खुणा करून घ्या.