कन्व्हेयरची सैल संरक्षक जाळी: तोंडी तक्रारीने न सुटलेला प्रश्न

कन्व्हेयरच्या, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या, शेवटच्या रोलरवरील संरक्षक जाळीचे चारपैकी दोन बोल्ट गळून पडले होते, ती तारेने बांधलेली होती आणि पट्टा जिथे रोलरवर चढतो नेमक्या तिथेच हात जाईल एवढी फट राहत होती. पर्यवेक्षकांना तीनदा तोंडी सांगितले, फोटोही पाठवला. प्रत्येक वेळी फक्त तार नवी आली. ती तार रोज पाहताना जीव धास्तावत असे.

शेवटी मार्ग निघाला तो असा. यंत्र बंद असताना, परवानगी घेऊन, प्रथम यंत्राचा क्रमांक दिसेल असा दुरून एक फोटो काढला आणि नंतर फटीला मोजपट्टी लावून जवळून दुसरा. फट ४५ मिलिमीटर भरली. त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, माप, संभाव्य इजा आणि आधीच्या तिन्ही सूचनांच्या तारखा लिहून काढल्या. मसुद्यातील ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मात्र खोडला, कारण आरोप आला की चर्चा आरोपावरच होते आणि फट तशीच राहते. एका अर्जात एकच धोका मांडला. अर्ज दोन प्रतींत सुरक्षा समितीकडे देऊन माझ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली आणि दुरुस्तीची मुदत लेखी मागितली.

चौथ्या दिवशी वीजपुरवठा तोडून, स्विचला कुलूप लावून नवी जाळी बसवली गेली. त्याच कोनातून पुन्हा फोटो काढून तो अर्जाला जोडला आणि त्यानंतरच तक्रार निकाली निघाल्याची सही केली.