लांब पोहताना खाणं घड्याळावर चालतं

मी बोटीवर बसून पोहणाऱ्यांना खाणं देते. पाण्यातून ‘भूक नाही’ असं ओरडून सांगितलं, तरी वेळ झाली की मी बाटली सोडतेच. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. जोर लावून पोहलं तर दीड-दोन तासांत तो संपत येतो. मग हात जड होतात, स्ट्रोक मंदावतो, थंडी जास्त वाजते. त्या अवस्थेतून माणसाला परत वर आणणं फार अवघड. म्हणून पहिलं फीड, म्हणजे एका वेळची बाटली, पाऊण तासाच्या आत, पुढे दर अर्ध्या तासाला.

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरा. म्हणजे प्रत्येक फीडला सुमारे ३० ग्रॅम, २५० ते ३०० मिलि पाण्यात. नुसतं ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्याच साखळ्यांची पावडर) असेल तर आतडी तासाला ६० ग्रॅमपेक्षा फारसं जास्त शोषत नाहीत. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषलं जातं, त्यामुळे मिश्रण घेतलं तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. पण ही सवय पोटाला आठवडेच्या आठवडे लावावी लागते. लांब सराव असेल त्या दिवशी हाच वेळ, हीच पावडर, हेच प्रमाण ठेवा. मोठ्या दिवशी नवी चव नको, कितीही कौतुक ऐकलेलं असो.

मी पातळच देते. आडवं पोहताना घन अन्न वर येतं, आणि खाऱ्या पाण्याने जीभ-घसा सुजले की चावणं नकोसं होतं. मध्ये एकदा सौम्य माउथवॉशने चूळ भरायला दिली की पुढचं फीड सोपं जातं. पाणी गार असेल तर पेय कोमट. बाटलीला दोरी बांधा. इंग्लिश खाडीच्या नियमांत पोहणाऱ्याने बोटीला हात लावायचा नसतो. थांबणं अर्ध्या मिनिटाच्या आत आटपा, रेंगाळलं की अंग गारठतं.

उलटी झाली तर घाबरू नका. एक फीड नुसतं कोमट पाणी, घोट घोट, मग निम्म्या प्रमाणाने सुरुवात. मात्र तासन् तास साधं पाणीच पाजत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरतं.

प्रत्येक फीडची वेळ, प्रमाण आणि मिनिटाचे स्ट्रोक वहीत लिहा. फीडच्या वेळी एखादा सोपा प्रश्न विचारा. बोलणं अडखळलं, उत्तर असंबद्ध आलं, तर पुढची बाटली भरू नका. त्याला पाण्याबाहेर काढा.